कापडावरचा बिरोबा

दगडाबाईचा कशावरच विश्वास नव्हता, असं म्हणणं सोपं आहे आणि चूक आहे. मेंढरांवर होता, स्वतःच्या दोन पायांवर होता, आणि नवऱ्यावर, म्हणजे म्हाळूवर, तो मेल्यानंतर बसला होता. बाकी जगाकडे ती एक डोळा बारीक करून बघायची. मीठ घेतलं की चाखायची, तेल घेतलं की हुंगायची, आणि जावई पाया पडायला वाकला की ह्याला आता काय पाहिजे, हा विचार तिच्या मनात आशीर्वादाच्या आधी यायचा. उमापूरच्या शिवाराबाहेर धनगरांची पंधरा-वीस खोपटं होती, त्यांतलं शेवटचं तिचं. मुद्दाम शेवटचं. शेजार एकाच बाजूला असावा, दोन्हीकडे लक्ष ठेवायला माणसाला डोळे किती, असं ती म्हणे.

निजामाचं राज्य होतं. मानमोडीच्या साथीला चार वर्षं होऊन गेली होती. त्या साथीतच म्हाळू गेला. लेक कडूबाई सासरी नांदत होती. दगडाबाईजवळ उरली साठेक मेंढरं, दोन कुत्री आणि हा स्वभाव. तिघांच्या जोरावर तिचं बरं चाललं होतं.

एक गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नव्हती, म्हाळूलाही नाही.

गोदावरीच्या पल्याड लिंबाच्या बनात बिरोबाचं ठाण होतं. ठाण म्हणजे कमरेइतका उंच एक दगड. ना नाक, ना डोळे, ना हात. किती पिढ्यांनी तेल-शेंदूर फासला कोण जाणे, इतकी पुटं चढली होती की मूळ दगड आत केवढा आहे हे त्या देवालाच माहीत. वर निमुळता, खाली पसरट, एका अंगाला जरा झुकलेला. रूप म्हणाल तर एवढंच. पण भोवतालच्या बारा वाड्यांत भांडण मिटायचं ते ह्या दगडासमोर, आणि त्याची रीत ठरलेली होती. शपथ घेणाऱ्याने आधी देवासमोर बसायचं, त्याच्याकडे बघायचं आणि देव कोणत्या रूपात दिसला ते पंचांना सांगायचं. मग भंडार उचलायचा. देव खऱ्यालाच दिसतो, खोट्याला नुसता दगड दिसतो, असा नेम. ज्याला काही दिसलं नाही त्याची शपथ फुकट आणि दावाही फुकट.

आता माणसं हुशार असतात. पिढी-दोन पिढ्यांत प्रत्येक घराने आपलं दिसणं ठरवून टाकलं. कुणाच्या घरात म्हातारा दिसे, कुणाच्या घरात मेंढ्याचं तोंड. आडनाव चालावं तसं ते चाले. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेतच सासूने दगडाबाईला बाजूला घेऊन बजावलं होतं, "हे बग, आपल्या घराला वाघ दिसतो. कुणी इचारलं तर वाघ सांगायचं. जबडा, डोळे, मिशा. मिशा इसरू नको."

दगडाबाईने पुढे होऊन बघितलं. तिला दगड दिसला. दुसऱ्या वर्षी बघितलं, दगड. तिसऱ्या वर्षी नवस बोलून बघितलं, तरी दगडच. मग तिने देवाकडे बघायचं सोडून बघणाऱ्यांकडे बघायला सुरुवात केली, आणि तिला संशय आला की ह्यांतल्या कुणालाच काही दिसत नाही. पण हा संशय बोलून कसा दाखवणार? बोलली की स्वतःचं उघडं पडणार.

मग वाघ सांगून का मोकळी झाली नाही? खोटं बोलायचं तिला वावडं नव्हतं. बाजारात ती तोंडभर खोटं बोले. पण देव आहे ह्यावर जसा तिचा भरवसा नव्हता, तसा तो नाही ह्यावरही नव्हता. नसेल कशावरून? म्हणून जिथे शपथ घ्यायची वेळ आली तिथे तिने दावा सोडून दिला. शेजारणीने पितळी तांब्या लाटला, सोडला. कोकरांसकट एक मेंढी दुसऱ्याच्या कळपात गेली ती तिकडचीच झाली, सोडली. वस्तीने काय अर्थ काढायचा तो काढला. खरी असती तर देवासमोर बसली नसती का? हिच्या पोटात काहीतरी आहे. हळूहळू ती आली की लोक भाकरी झाकायला लागले. संशयी बाई म्हणून ती प्रसिद्ध होतीच, आता संशयित म्हणूनही झाली.

त्या वर्षी आषाढात उमापूरच्या बाजारात गेवराईचा राधाकिशन रंगारी एक नवाच माल घेऊन आला. एरवी तो पासोड्या, जाजमं, आंगड्या-टोपड्यांची छापील कापडं आणायचा. ह्या खेपेला त्याने हातभर मांजरपाटाचे तुकडे आणले होते आणि प्रत्येक तुकड्यावर मधोमध एक तांबडा आकार छापलेला. वर निमुळता, खाली पसरट, एका अंगाला झुकलेला. किंमत एक ढब्बू पैसा.

"हे काय हाय बे?" गहिनीनाथ धनगराने तुकडा उचलून विचारलं. "रंग सांडला का?"

"बिरोबा हाय, बाप्पा. पल्याडचं ठाण."

"डोळे कुठं हायत?"

"ठाणावर हायत का?"

"तिथं दिसतेत."

"मंग हितं बी बगा. मी कशाला काढू? मी काढले तर ते माझे हुतील."

लोक हसले, पण लगेच कुजबुजायलाही लागले. कुणी म्हणालं, ह्यात मिशनवाल्यांचा हात असणार. कुणी म्हणालं, आधी देव मोजून घेतील, मग सरकार घरटी देवावर पट्टी बसवील. सगळ्यांत तापला धुळाजी भगत. ठाणाची पूजाअर्चा त्याच्याकडे. पण पावसाळ्यात नदी भरली की तो अल्याड उमापूरला लेकीच्या घरी येऊन राही आणि चार महिने देव आणि पाऊस एकमेकांचं बघून घेत. तो म्हणाला, "असे चिंध्यांवर देव वाटीत सुटला तर ठाणात काय ऱ्हाईल? नुसतं टरफल."

दगडाबाई गर्दीत मागे उभी होती. तिलाही संशय आला, पण वेगळा. मागल्या वर्षी एक फेरीवाला पुण्या-मुंबईकडच्या छापखान्यांतल्या काचेच्या तसबिरी घेऊन आला होता. गुलाबी गालांच्या देवी, मोठे मोठे डोळे. सगळ्या बाया हरखल्या होत्या. दगडाबाई मात्र लवकर निघून आली होती, कारण त्या चित्रांत तिला करायला काही शिल्लकच नव्हतं. कुणीतरी आपल्या वाटचं बघून ठेवलेलं, आपण फक्त मान डोलवायची. शिवाय एका तसबिरीला वर्षाची लोकर गेली असती. हा रंगारी ढब्बूला तुकडा देतो आणि वर सांगतो की तुमचं तुम्ही बघा. ह्यात ह्याचा डाव काय?

पुढच्या बाजारी तिने तुकडा हातात घेऊन ताणला, थुंकीने कोपरा घासला.

"रंग जाणार न्हाई, मावशी," राधाकिशन म्हणाला. "आलाच्या मुळीचा तांबडा हाय, तुरटी मारलीय."

"मी देव धुणार न्हाई. माप कसं घेतलंस? देवाला दोरी लावलीस का?"

"न्हाई वो. उन्हाळ्यात गेलतो. तीन दिस बसून बगितलं. मंग लाकडाचा ठसा कोरला. पयले दोन जमले न्हाईत, चुलीत घातले."

"कावून जमले न्हाईत?"

"पयल्यात मला मारुती दिसाया लागला. दुसरा लई गोल झाला. म्हनलं, ज्यात मला काईच दिसत न्हाई तो बराबर."

हे उत्तर तिला आवडलं, म्हणून तिने त्या दिवशी घेतलं नाही. आवडलेल्या गोष्टीवर एक आठवडा थांबायचं, असा तिचा नियम होता. तिसऱ्या बाजारी मात्र चळत खालीवर करून तिने एक तुकडा निवडला, खोपटात नेला आणि चुलीसमोरच्या बांबूला बांधला.

ठाणावर माणसाला बघायला मिळतं तरी किती? मागून रेटा, पुढे धूर, धुळाजीचं "चला, चला, म्होरं सरका", आणि कानाशी कुणीतरी "दिसला, दिसला" म्हणून हंबरतंय. असं असताना ज्याला दिसतं त्याचं कौतुक करावं की कीव, हा प्रश्नच आहे. इथे तसं नव्हतं. भाकरी थापताना बघावं, दूध तापवताना बघावं, लोकर पिंजताना मान वर करून बघावं. कुणी विचारत नव्हतं, काय दिसलं म्हणून. महिनाभर तिने बघितलं. महिनाभर तिला तांबडा डाग दिसला. तिला त्याचा रागही आला नाही. निदान आता गर्दीवर खापर फोडायची सोय नाही, एवढं तिने समजून घेतलं.

श्रावण सरता सरता तिचा दीर बंकट दारात येऊन उभा राहिला. बंकटचं सगळं झकपक. फेट्याचा शेमला, कमरेला चांदीचा करदोटा, आणि काम मागच्या वर्षापासून काही नाही.

"वैनी, मेंढरांचं बोलायचं हाय."

"बोल. तितूनच बोल."

"निम्मी माझी हायत."

दगडाबाईने पिंजायचं थांबवलं. भावाभावांची वाटणी होऊन बारा वर्षं झाली होती. म्हाताऱ्या सासऱ्याने खळ्यावर दोघांना बसवून तोंडी वाटणी केली होती. बंकटने बैलजोडी घेतली, म्हाळूने मेंढरं. कागद नाही, साक्षीदार नाही. म्हातारा गेला, म्हाळू गेला, बैलही गेले. मेंढरांच्या कानाला जी खाच पाडायची ती सगळ्या घराची एकच.

"तू बैल घेतलेस," ती म्हणाली.

"बैल मला आयनं दिलते. वाटणी झालीच न्हाई. झाली म्हणतीस तर बस बिरोबाम्होरं आन् सांग."

तो हे हसत म्हणाला. त्याला पक्कं माहीत होतं की ही बसणार नाही. तांब्यासाठी बसली नाही, मेंढीसाठी बसली नाही. पण तांब्या गेला तर माणूस ओंजळीने पाणी पितं. निम्मी मेंढरं गेली तर उरलेल्या तिसांवर घर चालत नाही, ती विकावी लागतात, आणि मग दगडाबाईला दुसऱ्याच्या मेंढरांमागे किंवा जावयाच्या दारात जावं लागणार होतं. जावई तिच्या कसा पाया पडे ते तिने नीट बघितलेलं होतं.

ह्यानंतर आठ दिवसांनी, भर दुपारी, लोकर पिंजता पिंजता तिची नजर सहज वर गेली आणि तिला दिसलं.

वाघ नाही, म्हातारा नाही, तोंडच नाही. घोंगड्याची खोळ डोक्यावरून घेतलेला माणूस, पाठमोरा. वर निमुळती ती खोळीची टोपी. खाली पसरट तो घोंगड्याचा घोळ. एका अंगाला झुकलेला, कारण त्या अंगाला काठी टेकलेली आणि तो चालतोय. मेंढरांच्या पुढे धनगर चालतो तसा. मागच्यांना त्याचं तोंड कधी दिसतच नाही.

तिने लोकर खाली ठेवली. पहिला विचार आला तो असा, की हे आत्ताच कसं दिसलं?

महिनाभर दिसलं नाही आणि दावा आल्यावर आठ दिवसांत दिसलं. गरज पडल्यावर धावत येणारा सोयरा आणि गरज पडल्यावर दिसणारा देव, दोन्ही सारखेच, असं तिला वाटलं. तिने कापड उलटं टांगलं, गेला तो माणूस. सुलटं टांगलं, आला. चार दिवस धान्याच्या कणगीत दडवून ठेवलं, काढल्यावर पुन्हा तोच. मग तिला वाटलं, हे त्या रंगाऱ्याचं काम. त्याने कळू न देता काढून ठेवलं असणार. बाजाराच्या गाडीत बसून ती थेट गेवराईला त्याच्या घरी गेली. गेवराई म्हणजे जवळ नव्हे. पण संशयाला गाडीभाडं लागत नाही, असं त्या गाडीवाल्याला ऐकवून ती फुकटच गेली.

राधाकिशनच्या परसात दोऱ्यांवर बिरोबा वाळत घातले होते. तिने एकेकासमोर उभं राहून सगळे तपासले. बहुतेकांत तो पाठमोरा माणूस होता. दोनांत नव्हता, तिथे रंग जास्त बसून कडा फुगल्या होत्या.

"हे पाठमोरं तू काढलंस का?" तिने विचारलं.

"कोण पाठमोरं?"

"तुला काय दिसतं ह्याच्यात?"

राधाकिशनने रंगलेले हात पुसत कापडाकडे बघितलं. "मला ठशाची डावी कड झिजल्याली दिसती. बदलाया झालीय."

त्याची बायको छबुबाई हंड्याखाली लाकडं सारत होती. ती म्हणाली, "त्येंना काय इचारता? मला इचारा. मला पालथी घागर दिसती. लगीन झाल्यापून पाणीच भरायलेय."

"मंग खरं कुणाचं?"

"मावशी," राधाकिशन म्हणाला, "कापड इकलं की मी त्यात नाक खुपसत न्हाई. तुमी लुगडं नेसता तवा मी इचारतो का, पदर डावा का उजवा?"

हे काही उत्तर नव्हतं. ती परत आली.

इकडे बंकटला घाई झाली होती. भादव्यात लोकर कातरायची असते, ती कातरून व्हायच्या आत त्याला मेंढरं हवी होती. पाटील सुंदरराव म्हणाले, नदी उतरू दे, दसऱ्यानंतर ठाणावर बसा. बंकट म्हणाला, "नदीची काय गरज हाय? वैनीनं देव इकत आणून घरात टांगलाय. ती मानती ना त्याला? मंग त्याच्याच म्होरं बसू द्या." धुळाजी भगत फिसकारला, की चिंधीसमोर शपथ कसली. पण पाटलांनाही रोजचं गाऱ्हाणं ऐकून कंटाळा आला होता. त्यांनी धुळाजीला कापडावर भंडार टाकायला सांगितलं, धुळाजीने तोंड वाकडं करून टाकला, आणि देव झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढच्या ओट्यावर पंच बसले. सुंदरराव, धुळाजी आणि गहिनीनाथ. कापड समोरच्या खांबाला बांधलं. सगळी वस्ती भोवती जमली, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एकच भाव, की आज ही कशी निसटते बघू.

दगडाबाई बसली. सुंदरराव म्हणाले, "बोल बाई. काय दिसतंय?"

"पाठ."

"काय?"

"पाठ दिसती, पाटील. खोळ घेतलेला माणूस हाय. पल्याड तोंड करून चाललाय."

गहिनीनाथ हसला. "आगं, बारा वाड्यांत कुणाला कवा पाठ दिसली का? देवाला तोंड असतंय."

"तोंड न्हाई दिसलं म्हंजी काईच न्हाई दिसलं," बंकट म्हणाला. "आमच्या घरात आल्यापून हिला सांगितलंय, वाघ दिसतो म्हणून. तेवढं बी सांगता येईना हिला."

दगडाबाई उठली. खाली पडलेली कडब्याची काडी उचलली आणि कापडापाशी गेली. तिने काडी टेकवली. "ही खोळीची टोपी. हा खांदा. हा घोळ. हितं ह्यो दबलाय, कावून, तर काठीवर भार हाय."

काडी ज्या वाटेने गेली त्या वाटेने सगळ्यांचे डोळे गेले होते. जन्मभर घोंगडी पांघरलेल्या माणसांना ती पाठ ओळखायला कितीसा वेळ लागणार? सुंदरराव पुढे वाकले. "आयला," ते हळूच म्हणाले, "हाय की."

"कापडावर काय बी दावता येतंय," बंकट म्हणाला.

"बराबर," दगडाबाई म्हणाली. "मंग तू वाघ दाव." आणि काडी त्याच्या हातात दिली.

ठाणावर हे कधी घडलंच नसतं. तिथे देवाच्या अंगाला काडी कोण लावणार? लांबून हात जोडायचे, धुरातून बघायचं आणि पाठ केलेलं म्हणायचं. पण हा ढब्बूचा बिरोबा हाताच्या अंतरावर होता आणि त्याच्यावर बोट ठेवता येत होतं.

बंकट फेटा सावरत पुढे झाला. "ह्यो डोळा," तो म्हणाला. "ह्यो दुसरा. ह्यो जबडा."

"जबडा खाली आला, मंग मिशा कुठं?" कुणीतरी मागून विचारलं.

"मिशा वर हायत."

"डोळ्याच्या वर? आरं, वाघ हाय का जमादार?"

हशा पिकला. बंकटने काडी हलवली, डोळा खाली आणला, जबडा बाजूला नेला. सुंदरराव म्हणाले, "मगाशी डोळा हितं हुता." बंकट म्हणाला, "तितंच हाय." पण त्याची काडी आता तिसऱ्याच जागी होती. गहिनीनाथला चेव आला. तो म्हणाला, सरक, तुला येत न्हाई, आमच्या घराला मेंढ्याचं तोंड दिसतं ते मी दावतो. त्याने शिंगं डावीकडे दाखवली. त्याचा सख्खा भाऊ गर्दीतून ओरडला, "डावीकडं न्हाई बे, उजवीकडं. बापानं उजवीकडं सांगितलंतं." दोघा भावांचं तिथेच जुंपलं. चाळीस वर्षं दोघे एकाच देवाला एकाच रांगेतून हात जोडत होते आणि मेंढ्याची शिंगं कुठल्या अंगाला आहेत हे त्यांनी एकमेकांना एकदाही विचारलं नव्हतं.

सुंदररावांनी धुळाजीकडे मान वळवली. "भगत, तुमच्या घराला म्हातारा दिसतो न्हवं? कुठशीक हाय?"

धुळाजी म्हणाला, "मला पूजेला उशीर होतोय," आणि उठून पुन्हा बसला, कारण पूजा नदीपलीकडे होती.

शेवटी पाटलांनी काठी आपटून सगळ्यांना गप्प केलं. "दगडाबाई," ते म्हणाले, "तुला दिसलं, आमालाबी दिसलं. आता उचल भंडार आन् मिटव."

आता बाईने भंडार उचलायचा, एवढंच उरलं होतं. पण ती तशीच उभी राहिली. तिच्या डोक्यात ते आठ दिवस होते.

"पाटील, एक सांगते," ती म्हणाली. "मला आजवर ठाणावर काई दिसलं न्हवतं. कवाच न्हाई. हे दिसलं ते बंकट दारात येऊन गेल्यावर आठव्या दिशी. माझ्या गरजेनं दिसलं का देवाच्या मनानं, मला म्हाईत न्हाई. मेंढरं माझी हायत, ह्याची शपथ मी आत्ता घेते. देव दिसला, ह्याची घेत न्हाई."

असं कुणी कधी बोललंच नव्हतं. रीतीत ह्याला जागा नव्हती. दिसलं नाही म्हणणारा खोटा, हे ठरलेलं. दिसलं म्हणून सगळ्यांना दाखवलं आणि वर माझाच मला भरवसा नाही म्हणाली, तिचं काय करायचं? पंचांनी डोकी एकत्र केली, वेगळी केली, पुन्हा एकत्र केली. अखेर सुंदरराव म्हणाले, "नदी उतरू दे. दसऱ्यानंतरच्या पयल्या ऐतवारी दोघं बी ठाणावर बसा. जो यायचा न्हाई त्याचा दावा गेला. तवर मेंढरं जिथं हायत तिथं ऱ्हातील, लोकर बी तिचीच." आणि मग, जरा थांबून, "जो तो आपलं दिसणं काडीनं दावील."

"ठाणाला काडी?" धुळाजी कळवळला.

"लांबून दावा. पर दावा."

त्या महिन्या-दीड महिन्यात बंकटचं जिणं अवघड झालं. तो दिसला की कुणीतरी विचारायचंच, "काय बे, वाघ घावला का?" लोकांनी चोरून-मारून राधाकिशनचे तुकडे घेतलेले होतेच, ते आता उघड टांगले. बंकट ज्याच्या त्याच्या घरी जाऊन तासन् तास डाग निरखत बसायचा. वाघ कुठेच सापडेना. वाईट असं की त्यालाही ती पाठ दिसायला लागली. एकदा काडीने दाखवलेलं डोळ्यांतून काढून टाकता येत नाही.

दगडाबाईला ह्याचा आनंद व्हायला हवा होता. पण आता सगळ्या वस्तीला पाठमोरा धनगर दिसू लागला, ह्याचाही तिला संशयच आला. काल मिशा आणि आज खोळ. ह्यांनी बघितलं कधी? मी दाखवलं म्हणून मान डोलवली. गहिनीनाथची बायको कडेला येऊन म्हणाली, "आक्का, मला बी पाठच दिसती बग." तेव्हा दगडाबाई म्हणाली, "माझी दिसत असंल. मी चालले." आणि खरंच चालू लागली.

दसऱ्यानंतरच्या रविवारी ती नदीकाठी गेली. पाणी उतरलं होतं, नाव सुरू झाली होती. पाटील आले, गहिनीनाथ आला, धुळाजी तर आधीच पल्याड गेला होता. बंकट आला नाही. उन्हं चढली, नावेने दोन खेपा केल्या, आणि मग वस्तीतून निरोप आला की बंकटचा पाय मुरगळला आहे.

"कंचा पाय?" दगडाबाईने विचारलं.

निरोप्याने डोकं खाजवलं. "ते न्हाई इचारलं."

"झालं," सुंदरराव म्हणाले. "दावा गेला. मेंढरं तुझी. जा घरी."

पण ती घरी गेली नाही. कापडासमोर घ्यायची शपथ राहिली ती राहिली, उद्या कुणी म्हणायला नको की बंकट लंगडला म्हणून हिला मेंढरं मिळाली. पाटील परत फिरले, तिने काठावर चरणारी मेंढरं एकाच्या राखणीला दिली आणि एकटीच नावेत बसली.

बनात कुणी नव्हतं. जत्रेशिवाय ती इथे पहिल्यांदाच आली होती. पावसाळ्यात शेंदराची पुटं काही ठिकाणी सुटली होती आणि धुळाजी तिथे नवा शेंदूर लावत होता, हाताने चाचपत चाचपत. दगडाबाई समोर बसली. मेंढरं माझ्या नवऱ्याच्या वाटणीची आणि आता माझी, एवढं बोलून तिने भंडार उचलला. मग बराच वेळ दगडाकडे बघत राहिली. मागून कुणी रेटलं नाही.

"दिसतंय का?" धुळाजीने मान न वळवता विचारलं.

"हाय जरा. घरी बरं दिसतं."

धुळाजी ह्यावर चिडेल असं तिला वाटलं. तो चिडला नाही. शेंदराची वाटी खाली ठेवून त्याने कानोसा घेतला, बनात तिसरं कुणी नाही ह्याची खात्री केली, आणि आवाज उतरवून म्हणाला, "दगडाबाई, त्या रंगाऱ्याकडनं मला बी एक आणशील का? कुणाला सांगू नको."

"कावून? तुमाला काय गरज? तुमचा तर हितंच हाय."

"धुरानं डोळे अधू झाले गं. वीस वर्षं झाली, मला हितं काई दिसत न्हाई. हातानं लागतो तेवढाच." त्याने बोटांवरचा शेंदूर धोतराला पुसला. "कापड जवळ धरून बगता येईल, म्हनलं. म्हातारा हाय का न्हाई, एकदा बगून घेतो."

वीस वर्षं हा माणूस "चला, चला" म्हणून लोकांना पुढे ढकलत होता. दगडाबाईने त्याच्याकडे नेहमीसारखा एक डोळा बारीक करून बघितलं. ह्या खेपेला तिला त्यात डाव सापडला नाही, म्हणून तिने पुन्हा एकदा बघितलं.

"आणते," ती म्हणाली. "पर एक न्हाई, पाच-सा आणते. त्यातलं तुमचं तुमीच निवडायचं. मी निवडलेलं तुमच्या कामाचं न्हाई."

आणि ती नावेकडे निघाली. अल्याड मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून आली होती, आणि त्या दुसऱ्याचं नाव गहिनीनाथ होतं; गेल्या गेल्या ती मोजून घ्यायची होती.